तुमचं काहीच चुकलेलं नाही

तुम्हाला स्वातंत्र्य हवंय, हे रास्तच आहे. जबाबदारी नकोय, हेही तितकंच रास्त. दोन्ही एकदम कसं जमणार, असं विचारणारी माणसं तत्त्वज्ञानाच्या नादी लागलेली असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आपल्या लोकांनी हे केव्हाच जमवून दाखवलंय. थोडा सराव लागतो, इतकंच.

सुरुवात ग्रहांपासून करा. शनीची साडेसाती एका वेळी तीन राशींना असते, शिवाय दोन राशींना अडीचकी. म्हणजे बारातल्या पाच राशींना कुठल्याही दिवशी कसलाच जाब विचारता येत नाही. तुमची रास त्यात नसेल तर बायकोची असेल, साहेबांची असेल. शोधलं की सापडतं. ग्रहांवर विश्वास नसेल तर तुम्ही विज्ञानवादी, आणि तुमचीही सोय आहे. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ‘आता हात हलवावा’ असं माणसाला वाटण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच त्याच्या मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. तेव्हा कानफटात मारली ती मेंदूने, तुम्ही फक्त तिथे हजर होतात. ऐनवेळी हात आवरण्याइतकी उसंत माणसाला मिळते, असंही लिबेट म्हणत. पण ते चारचौघांत सांगायची गरज नाही.

खरं कौशल्य सल्ला घेण्यात आहे. १९४५ मध्ये पॅरिसमधल्या एका व्याख्यानात फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, आईवडिलांचं पटत नाही, आईला आधार उरला तो या मुलाचाच. आणि त्याला इंग्लंडला जाऊन फ्रान्सच्या मुक्तिसेनेत भरती व्हायचंय. काय करू, म्हणून तो सरांकडे आला. सर म्हणाले, तू स्वतंत्र आहेस, तूच ठरव. आपल्याकडे कुणी असा सल्ला दिला तर त्याच्या दारात पुन्हा कोण उभं राहील? वर सार्त्र यांचं म्हणणं असं, की सल्ला कुणाकडे मागायचा हे आपणच निवडतो आणि तो साधारण काय सांगणार हेही आपल्याला ठाऊक असतं. त्यांनी हे पळवाट बंद करायला सांगितलं. तुम्ही पळवाटेचा पत्ता म्हणून वाचा. नोकरी सोडायची असेल तर सोडून मजेत असलेल्या मित्राला गाठा. चिकटून राहायचं असेल तर पेन्शनवाल्या काकांना. पुढे बिनसलंच तर ‘काका म्हणाले म्हणून’ हे हाताशी आहेच. काकांचं वय पाहता, खुलासा करायला ते असतीलच असंही नाही.

तरी एकट्याने ठरवलेलं कधी ना कधी अंगाशी येतंच. म्हणून बोचणारे निर्णय नेहमी चारजणांत बसून घ्यावेत. सोसायटीची सर्वसाधारण सभा यासाठी उत्तम. समजा विषय असा आहे, की घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. तुम्हाला ते पटत नाही. पण सूचक झाले, अनुमोदक झाले, समोशांच्या बशा फिरू लागल्या आणि अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?" इथे तंत्र महत्त्वाचं. हात खांद्यापर्यंत न्यायचा आणि तसाच मागे वळवून मान खाजवायची. आपण हरकत घेतली असं तुम्हाला वाटतं, घेतली नाही असं अध्यक्षांना. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’. दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावर मावशी धापा टाकत येतील आणि विचारतील, "तुम्ही पण होतात ना मीटिंगला?" गडबडायचं नाही. "काय करणार मावशी, सोसायटीने ठरवलंय." सोसायटी म्हणजे कोण, हे त्या विचारणार नाहीत; त्यांना अजून दोन घरची भांडी आहेत. वॉचमन सांगितलेलं करतो, सेक्रेटरी ठरावाची अंमलबजावणी करतात, अध्यक्षांनी तर फक्त विचारलं. सभासद चाळीस, आणि कुणीच काही केलेलं नाही. मावशींना पाणी मात्र विचारा. माणुसकी सोडून कसं चालेल?

कुणी फारच खोलात शिरलं तर गीता काढा आणि ‘करता करविता तो’ म्हणा. फक्त अठराव्या अध्यायातला ६३ वा श्लोक टाळा. जवळजवळ सगळी गीता सांगून झाल्यावर कृष्ण तिथे अर्जुनाला म्हणतो, यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. एवढं ऐकवून निस्तरायचं शेवटी त्याचं त्यानेच! त्यापेक्षा धृतराष्ट्र बरे. विदुराने सावध केलं की ते दैवाचं नाव घेत, आणि द्यूताची परवानगी तेवढी स्वतः देत.

सर्वांत जपायचं ते वाल्या कोळ्याच्या चुकीला. सात रांजण खड्यांनी भरेपर्यंत त्याचं व्यवस्थित चाललं होतं. मग नारदाचं ऐकून तो घरी गेला आणि बायकोपोरांना तोंडावर विचारून बसला, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? असं विचारल्यावर कुणीही नाहीच म्हणणार. त्याने चौदा दिवसांची रीतसर नोटीस काढून घरच्यांची सभा बोलवायला हवी होती. हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ यात सर्वांत शेवटी घ्यायचा, पोरांना भूक लागायची वेळ साधायची आणि सह्या घेऊन टाकायच्या. वारुळाचा सगळा त्रास वाचला असता.