शाल-श्रीफळ द्या, पण आधी मुक्तीचा दाखला द्या

मानवी तस्करीविरुद्ध लढणाऱ्या माणसांचा आणि संस्थांचा सरकारने सन्मान करायलाच हवा. तस्करीत अडकलेल्या मुलींना सोडवणाऱ्या सुनीता कृष्णन यांना 2016 साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ही माणसं धमक्या झेलतात, मार खातात. सरकार त्यांच्या पाठीशी आहे हे दलालांना दिसलंच पाहिजे.

पण तस्करी म्हटलं की आपल्याला फक्त कुंटणखान्यावरची धाड आठवते, आणि सत्कारही त्याच कामाचे होतात. आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात काय चालतं? दसरा झाला की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि डोक्यावर मुकादमाची, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ दिलेले पैसे). माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, त्यामुळे फडाशेजारच्या कोप्या (मजुरांच्या झोपड्या) लहानपणापासून बघत आलेय. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, बाकीच्या टोळ्या गावाकडे निघतात, आणि एखाद्या कुटुंबाला सांगितलं जातं, "उचल फिटली नाही, तुम्ही थांबायचं."

प्रत्येक उचल म्हणजे तस्करी नव्हे, हे मला मान्य आहे. मुकादम पैसे घेऊन पसार झाला आणि कर्ज काढून उचल दिलेला ट्रॅक्टरवाला देशोधडीला लागला, अशी घरंही आमच्याकडे आहेत. त्यांचं दुःख खोटं नाही. पण म्हणून कुणाची बायको-पोरं अडकवून ठेवायची? वेठबिगारीला 1976 चा कायदा आहे. वेठबिगारीतलं कर्ज या कायद्याने रद्द होतं, आणि ते तसं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर, मजुरावर नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 143 स्पष्ट म्हणतं की तस्करीत पीडिताची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच गैरलागू आहे.

आता खरी अडचण. सुटका झाली तरी मुक्तीचा दाखला, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचं सरकारी प्रमाणपत्र, हातात पडेपर्यंत त्या माणसाच्या सुटकेला सरकारदरबारी पुरावाच नसतो. 2016 च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला 1 लाख, महिला आणि मुलांना 2 लाख, अतिशय गंभीर प्रकरणात 3 लाख रुपये पुनर्वसनासाठी आहेत, पण पूर्ण रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली. प्रकरण "आपसात मिटलं" असं लिहून टोळीला गाडीत बसवून दिलं की दाखला नाही, खटला नाही, पैसेही नाहीत. मग पुढच्या दसऱ्याला तोच मुकादम, तीच उचल. म्हणून मला वाटतं, पुरस्कार ठरवताना किती जणांना सोडवलं एवढंच विचारू नये. त्यांतले किती जण दोन वर्षांनीही मोकळे आहेत, हे विचारावं. आणि राजकीय दबाव झुगारून दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव त्या यादीत पहिलं असावं.

दुसरी गोष्ट सांगलीची. इथल्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद 1996 पासून आहे. वस्तीत अल्पवयीन मुलगी आणली जाऊ नये म्हणून या बायका स्वतः लक्ष ठेवतात. कोण नवीन आली, कोणी आणली, हे धाड घालणाऱ्या पथकाच्या कितीतरी आधी त्यांना कळतं. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संग्राम संस्थेने 2005 साली अमेरिकी सरकारचा निधी नाकारला, कारण वेश्याव्यवसायाविरोधात शपथ घ्या, अशी त्याला अट होती. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्याच विरोधात सही कशी करणार? त्या निर्णयाबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या सरकारने पुरस्कार देताना असल्या अटी घालू नयेत, आणि निवड समितीत या बायकांना खुर्ची द्यावी. त्यांना निव्वळ "पीडित" म्हणून बोलावू नये.

सुटका झालेल्या मुलींना तोंडाला रुमाल बांधून व्यासपीठावर उभं करू नका, ही तर हात जोडून विनंती. धाडीच्या बातम्यांत ओळख उघड होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्येच निर्देश दिलेत.

सोहळा करायचाच असेल तर 3 जानेवारीला खंडाळा तालुक्यातल्या नायगावला करा. सावित्रीबाईंच्या जन्मगावी, दाखले देणाऱ्यांचा आणि तक्रार द्यायची हिंमत करणाऱ्या मजुरांच्या संघटनांचा.

1976 च्याच कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात वेठबिगारीवर लक्ष ठेवणारी दक्षता समिती असायला हवी. आमच्याकडच्या समितीत कोण आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय. वाळवा, कराड, पाटण, जतमधून कुणाला आपापल्या भागासाठी असाच अर्ज टाकायचा असेल तर खाली लिहा, मसुदा पाठवते. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत उत्तरं हातात यायला हवीत.