‘मोलॅरिटी एका मिनिटात’ : त्या मेसेजमधली खोट

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. पदार्थाचे रेणुभाराइतके ग्रॅम (म्हणजे एक मोल) घ्या आणि एक लिटर पाण्यात टाका, १ मोलर द्रावण तयार. बाकी सगळं ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ने सुटतं (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान). आणि ॲसिडच्या बाटलीवर ३७ टक्के लिहिलं असेल, तर १०० मिलीत ३७ ग्रॅम. तीन दावे, तिन्ही अर्धवट.

‘एक लिटर पाण्यात टाका.’ मोलॅरिटी म्हणजे लिटरभर द्रावणात किती मोल, म्हणून मोलना भागायचं ते तयार द्रावणाच्या आकारमानाने, ओतलेल्या पाण्याच्या नव्हे. मिठाचे ५८.४४ ग्रॅम असे टाकले तर उत्तर ०.९८ च्या आसपास येतं, म्हणून चूक लपते. साखरेचे ३४२ ग्रॅम टाकून बघा. द्रावण सुमारे १.२१ लिटर भरतं आणि मोलॅरिटी ०.८२ वर येते. खरं तर मेसेजमधली कृती मोलॅलिटीची (किलोभर पाण्यामागे किती मोल) आहे, कारण एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो.

लॅबमध्ये काय करतात? पदार्थ बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवतात, फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओततात, बीकर दोन-तीनदा खंगाळून तेही पाणी आत घालतात आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत भरतात. शेवटचे थेंब ड्रॉपरने. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस छापलेलं असतं ते शोभेला नाही, त्या तापमानालाच ती खूण खरी. सोडियम हायड्रॉक्साइड विरघळताना बीकर चांगलाच तापतो. गार व्हायच्या आत खूण गाठली, तर नंतर पातळी खाली उतरलेली दिसते.

‘रेणुभाराइतके’ हा शब्दही जपून वापरायचा. बरणीतलं ऑक्झॅलिक ॲसिड बहुधा स्फटिकजलासकट (स्फटिकात अडकलेल्या पाण्यासकट) असतं, म्हणजे १२६ धरायचे, ९० नव्हे. ०.०५ मोलरचं २५० मिली करायला १.५७६ ग्रॅम लागतात. ९० धरून १.१२५ ग्रॅम घेतले तर द्रावण ०.०३६ मोलरच होतं. लेबल वाचा, विषय संपला.

आता ते लाडकं सूत्र. द्रावण पातळ करताना ते बिनचूक आहे, कारण पाणी घातल्याने मोल बदलत नाहीत. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब घालून अभिक्रिया पुरी व्हायला किती लागतं ते मोजताना, मात्र ते एकास एक प्रमाण असेल तरच चालतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडला चालतं, आणि तिथेच सवय लागते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये प्रमाण २ : ५ आहे. समजा पिपेटने १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड घेतलं आणि ब्युरेटमधलं परमँगनेटही १० मिलीच लागलं. मेसेजप्रमाणे परमँगनेट ०.०५ मोलर. प्रत्यक्षात ०.०५ × २/५, म्हणजे ०.०२. अडीच पट फरक, आणि अभिक्रिया पुरी झाल्याची गुलाबी छटा अगदी बरोबर येऊनसुद्धा! मोहर सॉल्टला (लोहाचा एक क्षार) प्रमाण १ : ५, तिथे फरक पाच पट.

हा घोळ आला कुठून? माझा अंदाज असा, की आधीची पिढी नॉर्मॅलिटीवर (अभिक्रियेतला वाटा धरून मोजलेली तीव्रता, ‘एन’) शिकली. ‘एन-वन व्ही-वन’ टायट्रेशनमध्ये नेहमी जुळतं, कारण परमँगनेटचे पाच इलेक्ट्रॉन त्या ‘एन’मध्ये आधीच मोजलेले असतात. अभ्यासक्रम मोलॅरिटीवर आला, कुणीतरी ‘एन’ खोडून ‘एम’ लिहिला आणि सूत्र तसंच पुढे सरकलं.

राहिले ३७ टक्के. तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीवरचा हा आकडा वजनाचा आहे : १०० ग्रॅम ॲसिडमध्ये ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. घनता मिलीला १.१८ ग्रॅम, म्हणजे लिटरभर ॲसिडचं वजन ११८० ग्रॅम, त्यातले ४३७ ग्रॅम कामाचे. ३६.४६ ने भागा, सुमारे १२ मोलर. मेसेजच्या हिशेबाने १०.१ येतं. त्यावर विसंबून १ मोलर बनवलं, तर ते १.१८ मोलर निघतं. चुकीचा पट म्हणजे नेमकी घनताच. (आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे त्या मेसेजमध्ये असतं तर निदान एक उपयोग झाला असता.)

हा १२ देखील ढोबळच. बूच उघडताच धूर निघतो तो त्याच वायूमुळे, त्यामुळे वापरात असलेल्या बाटलीतल्या ॲसिडची तीव्रता हळूहळू उतरत जाते. म्हणून सौम्य केलेलं ॲसिड निर्जल सोडियम कार्बोनेटशी टायट्रेट करतात आणि मगच लेबलवर मोलॅरिटी लिहितात. तिथेही प्रमाण २ : १ आहे, एकास एक नाही.