बारा खुर्च्या, दहा लाख डॉलर आणि पोरांचा टीव्ही

वाद बापूने काढला, तोही पैशावरून. अमेरिकेच्या काँग्रेसने डिसेंबर 2022 मध्ये खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात 'कॅमरा' नावाचा कायदा घालून मंजूर केला. माध्यमांचा आणि तंत्रज्ञानाचा मुलांवर काय परिणाम होतो, याच्या संशोधनासाठी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला, म्हणजे एनआयएचला, 2023 आणि 2024 साठी दरसाल दीड कोटी डॉलर आणि पुढची तीन वर्षं दरसाल अडीच कोटी. बेरीज साडेदहा कोटी.

"आणि निघणार काय? पोरांनी मोबाइल कमी बघावा! हे कुठलीही आजी फुकट सांगते," बापू म्हणाला.

"आधी परवानगी आणि पैसा यांतला फरक कर," वकील म्हणाला. "कायद्यात आकडा लिहिला म्हणजे खर्चाला मान्यता मिळाली. पैसा सुटतो तो दरवर्षीच्या विनियोजनातून, म्हणजे त्या वर्षीच्या खर्चाच्या मंजुरीतून, आणि तिथे नव्याने भांडावं लागतं. शिवाय एनआयएचचा वर्षाचा पसारा सुमारे 4,700 कोटी डॉलरचा. अडीच कोटी पुरते मिळाले तरी 1,900 डॉलरमागे एक डॉलर."

"थोडा असो, सरकारी आहे ना? मग धंदेवाले शेजारी येऊन बसणारच."

बापूचा हा मुद्दा हवेतला नव्हता, त्याच्यामागे 1969 चं प्रकरण होतं. टीव्हीवरच्या हिंसेचा मुलांवर काय परिणाम होतो हे शोधा, असं सिनेटर जॉन पॅस्टोर यांनी सरकारला सांगितलं. सर्जन जनरलची, म्हणजे सरकारच्या सर्वांत वरच्या आरोग्य अधिकाऱ्याची, सल्लागार समिती ठरली, संशोधनाला दहा लाख डॉलर ठेवले. मग सुमारे चाळीस नावांची यादी थेट टीव्ही कंपन्यांकडे गेली: कोण नको ते सांगा! सीबीएसने नावं खोडायला नकार दिला, एनबीसी आणि एबीसीने ती संधी घेतली. सात नावं गळाली. त्यात अल्बर्ट बांडुरा होते. बाहुलीला बडवणारा मोठा माणूस पाहिला की मुलंही तसंच बडवतात, हे 1961 मध्ये प्रयोगाने दाखवणारे तेच. बारा खुर्च्यांपैकी दोनांवर मात्र टीव्ही कंपन्यांचे पगारी अधिकारी बसले आणि तिघे उद्योगाशी सल्लागार म्हणून जोडलेले होते.

"हेच म्हणतोय मी!" बापू.

"तू अर्धंच सांगतोयस," मास्तर म्हणाले. "23 प्रकल्प समितीबाहेरच्या संशोधकांनी केले, त्यांचे पाच खंड छापले. बिघडला तो सारांश." बारा जणांचं एकमत हवं म्हणून निष्कर्षाचं वाक्य घासून घासून गुळगुळीत केलं: कार्यकारणाचे प्राथमिक, तात्पुरते संकेत दिसतात, तेही काही मुलांपुरते आणि काही परिस्थितींपुरते. जानेवारी 1972 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चा मथळा आला तो टीव्हीवरची हिंसा मुलांना अपायकारक नाही अशा अर्थाचा. मार्चमध्ये सर्जन जनरल जेसी स्टाइनफेल्ड यांना सिनेटपुढे सांगावं लागलं की पाऊल उचलण्याइतका पुरावा आहे.

इथे मी मास्तरांच्या बाजूचा. खंड कोण वाचतो? धोरण ठरतं सारांशावर. उद्योगाच्या माणसाला साक्षीला बोलवा, पण सारांश लिहिणाऱ्या खुर्चीत बसवू नका.

शिऱ्या अ‍ॅप बनवतो. त्याला समितीत रस नव्हता. "मोजणार काय ते बोला. पोराला विचारणार, किती तास फोन बघतोस? ते उत्तर कोण खरं धरणार?"

बरोबर बोलला. लोकांनी सांगितलेला वेळ आणि फोनमध्ये नोंदलेला वेळ यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2021 मध्ये आलं, तेव्हा दोन्हींतला सहसंबंध (तंतोतंत जुळले तर 1, काहीच नातं नसेल तर 0) 0.38 भरला. मास्तरांनी सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला. किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी डिजिटल वापराने फार तर 0.4 टक्के उलगडतो, असं साडेतीन लाखांवर मुलांच्या माहितीतून 2019 मध्ये निघालं होतं. म्हणजे सहसंबंध 0.06 च्या आसपास. एवढं बारीक काही दहापैकी आठ वेळा तरी हाती लागायला हवं असेल, तर साधारण 2,000 मुलं लागतात. पण खरा परिणाम तेवढाच असून तुम्ही नोंदीऐवजी तोंडी उत्तर घेतलंत, तर तो विरळ होऊन 0.024 दिसेल आणि मुलं लागतील साडेतेरा हजारांपुढे. "म्हणून पन्नास लहान प्रश्नावल्यांना पैसे वाटणं म्हणजे गटारात ओतणं," मास्तर म्हणाले. "आणि चूक नेहमी विरळच करते असंही नाही. उदास मूल स्वतःचा वापर फुगवून सांगत असेल, तर नसलेला परिणामही दिसायला लागेल."

डॉक्टरांना तो 0.4 टक्का पटत नव्हता. "रात्री दोनला रील बघणारी पोरगी आणि आजीशी व्हिडिओवर बोलणारी पोरगी एकाच रकान्यात टाकलीत, तर सरासरी पाणचटच येणार. झोप मोजा, रात्रीचा वापर वेगळा काढा. अ‍ॅपचं नाव बदलेल, झोप बदलणार नाही." मुलांचा मेंदू कसा वाढतो ते वर्षानुवर्षं पाहणारा एनआयएचचाच एबीसीडी अभ्यास त्यांनी पुढे केला: 21 केंद्रं, नऊ-दहा वर्षांची जवळपास 11,900 मुलं, दर दोन वर्षांनी मेंदूचा एमआरआय. साडेदहा कोटींत असा दुसरा अभ्यास उभा राहणार नाही, पण चालू अभ्यासातल्या मुलांच्या फोनमधली नोंद घेता येईल. खर्च कमी, माहिती जास्त.

"पण ती भरती 2016 ला सुरू झाली, तोवर फोन घराघरात पोचले होते," शिऱ्या म्हणाला. "तुलना कुणाशी?"

माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांना शिकवणारा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम 1969 मध्ये सुरू झाला, त्यात सरकारी पैसा मोठा होता. मूल्यमापनात काही घरांना कार्यक्रम बघा असा आग्रह करायचा, काहींना नाही, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. पण कार्यक्रम इतका गाजला की आग्रह न केलेल्या घरांतली पोरंही बघत बसली आणि तुलनेचा गटच वितळला. दुसऱ्या वर्षी कार्यक्रम सहज दिसत नव्हता अशा भागांत जाऊन नव्याने मोजणी करावी लागली. पुढे टीकाकारांनी विचारलं की फरक कार्यक्रमाने पडला की भेटी देणाऱ्या माणसांच्या आग्रहाने.

आपल्याकडे 'साइट' नावाच्या उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगात हे आधीच सुचलं होतं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत टीव्ही दाखवला. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी. कार्यक्रम व्यवस्थापक होते इस्रोचे एकनाथ चिटणीस. संच येण्याआधी, चालू असताना आणि नंतर अशी पाहणी झाली, संच नसलेली गावंही मोजली, काही गावांत मानवशास्त्रज्ञ मुक्कामाला राहिले. माध्यम पोचण्याआधी मोजणारे पोचले होते. फोनच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली.

"म्हणजे आता खर्च नकोच," बापू लगेच.

"आता शाळेची फोनबंदी टप्प्याटप्प्याने लावा," मास्तर म्हणाले. "कुठली शाळा आधी, कुठली वर्षभराने, हे चिठ्ठीने ठरवा. थांबलेल्या शाळा म्हणजे तुमचा तुलनेचा गट. पण बंदीआधीची मोजणी चुकली तर सगळं गेलं."

"आणि कंपन्यांकडची माहिती?" शिऱ्याने विचारलं. "खरी नोंद तिथे आहे. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने पारखलेल्या संशोधकांना ती मागता येते. कॅमरात तशी सक्ती नाही."

"मग साडेदहा कोटी घेऊन संशोधक कंपनीच्या दारात उभा!" बापूला पुन्हा जोर आला.

वकिलाने दुसरी वाट सांगितली: स्वतःची नोंद उतरवून घ्यायची सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, पालकांच्या लेखी संमतीने कुटुंबाकडूनच ती घ्या. मास्तरांनी मान हलवली. "नोंद देणारी घरं आणि नाही म्हणणारी घरं सारखी नसतात. नाही म्हणणाऱ्यांकडे दोनतीनदा जायचं, निदान वय, शाळा, फोन कुणाचा एवढं तरी लिहून आणायचं. त्याला माणसं लागतात, गाडीभाडं लागतं. बापू, तुझ्यासारखा हिशेबनीस कात्री लावतो ती नेमकी ह्याच ओळीला."