‘स्कॅनर लावला की कळते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाहनप्रेमी’ या नावाने माझ्या मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी एकही शब्द न गाळता प्रसिद्ध केली आहे. तो लेख मर्सिडीझच्या डब्ल्यू २११ या ई-क्लासबद्दल होता. २००२ ते २००९ या काळात निघालेली, आपल्याकडे पुण्यात जुळवली गेलेली ही गाडी आता एखाद्या नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी किमतीत मिळते आणि त्यामुळे भल्याभल्यांना मोह पडतो. म्हणून ती घेण्यापूर्वी कोणते यांत्रिक आणि विजेचे बिघाड तपासून पाहावेत, हे मी लिहिले होते. प्रतिक्रियेतील मुख्य वाक्य, गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरबद्दलचे, असे : ‘वायरीतून तेल चढते वगैरे चऱ्हाट कशाला? आज कुठलेही गॅरेज स्कॅनर लावते, पाच मिनिटांत कोड येतो, तो सेन्सर बदलायचा, विषय संपला.’ त्याखाली एसबीसी या विजेच्या संकेतांवर चालणाऱ्या ब्रेकची मी उगाच भीती घातली, खर्चाचे आकडे दिले नाहीत, आणि ‘लेखकाने आयुष्यात कधी पाना तरी हातात धरला आहे का, की परदेशी माहितीचे भाषांतर करून शहाणपण वाटतो आहे’ असेही आहे.

महोदय, मुद्द्याआधी सुराबद्दल बोलणे भाग आहे. मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. या जागी मला खोडून काढणाऱ्या कितीतरी वाचकांचे मी आभार मानलेले आहेत. परंतु ज्याला आपण पाहिलेले नाही त्याच्या हाताला वंगण लागले आहे की नाही याचा निवाडा घरबसल्या करायचा, आणि तोही स्वतःचे नाव झाकून, ही कोणती रीत झाली? माझे नाव प्रत्येक लेखावर असते.

विचारलेच आहे म्हणून सांगतो. माझे वडील दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते आणि टेस्ट लॅम्प कसा धरायचा हे मी शाळेत असताना त्यांच्याकडून शिकलो. १९९५ मध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) साथीने पुण्यात मर्सिडीझची जुळणी सुरू झाली, त्या सुमारास मी आयटीआय संपवून एका गॅरेजमध्ये वायरिंगच्या कामाला लागलो होतो. त्या पिढीतील काही गाड्यांच्या इंजिनावरील वायरिंगचे आवरण उष्णतेने वाळून पापडासारखे तुटत असे. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर जरा वाकवली की तांबे उघडे पडायचे, आणि दोन तारा एकमेकींना टेकल्या की इंजिनाचा संगणक भलत्याच भागाकडे बोट दाखवायचा. तेव्हा ‘भाषांतर’ हा शब्द आपण जरा जपून वापरला असता तर बरे झाले असते.

आता स्कॅनर. स्कॅनर खोटे बोलतो असे मी कुठेही म्हटलेले नाही. माझ्याकडेही आहे आणि प्रत्येक गाडीला तो लागतोच. परंतु कोड म्हणजे त्या संगणकाला कोणता संकेत चुकीचा वाटला याची नोंद असते. तो संकेत का बिघडला हे कोडमध्ये लिहिलेले नसते. नव्या गाडीत बहुधा सेन्सरच मेलेला असतो, त्यामुळे ‘कोड वाचा, भाग बदला’ हा खाक्या तिथे चालून जातो. पंधरा-वीस वर्षे उष्णता, पाऊस आणि तेल खाल्लेल्या गाडीत विजेच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा रबरात सापडते : कडक झालेली ओ-रिंग, आकसलेले सील, तुंबलेली पन्हाळी. रबराला वायर जोडलेली नसते, त्यामुळे त्याचा कोड येत नाही.

ज्याला आपण चऱ्हाट म्हणता ते पुन्हा एकदा सांगतो, या वेळी अधिक सावकाश. याच मालिकेतल्या ई २०० कॉम्प्रेसरमधील एम २७१ इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या पुढच्या तोंडाशी कॅमशाफ्टचे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचे, टायमिंग मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचे दोन मॅग्नेट असतात. वयानुसार त्यांच्यातून तेल झिरपते आणि ते बाहेर ओघळण्याऐवजी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, शिरते. तिथून तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून, केशाकर्षणाने, ते पुढे सरकत राहते. वरच्या आवरणामुळे ते कुणाला दिसत नाही. कालांतराने ते लॅम्बडा सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) कपलरपर्यंत आणि इंजिनाच्या संगणकापर्यंत पोचते. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, आणि स्कॅनर काय दाखवतो? लॅम्बडा सेन्सर. गॅरेज प्रामाणिकपणे लॅम्बडा बदलते, दिवा काही दिवस विझतो आणि पुन्हा लागतो. यावरचा उपाय म्हणजे मॅग्नेट बदलणे आणि मॅग्नेट व मूळ वायरिंग यांच्यामध्ये एक छोटी जोडवायर घालणे, म्हणजे पुढे पुन्हा तेल आलेच तर ते त्या जोडवायरीतच अडते. मात्र संगणकाचा कपलर उघडून तो कोरडा आहे की नाही हे आधी पाहावे लागते, आणि ते कोणताही स्कॅनर आपल्यासाठी करत नाही.

पाच गिअरच्या ७२२.६ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीही हीच कथा आहे. त्याच्या बाजूला तेरा पिनांचा कपलर बसतो, त्याच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन ओ-रिंग असतात. त्या कडक झाल्या की गिअर ऑइल वायरिंगमधून गिअरबॉक्सच्या संगणकाकडे चढू लागते आणि गाडी एका गिअरमध्ये अडकून बसते. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले तरी दुसऱ्यापुढे जात नाही. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. तिच्या मालकाला एका मोठ्या, वातानुकूलित प्रतीक्षागृहाच्या गॅरेजने कोड वाचून थेट नव्या संगणकाचा अंदाज दिला होता. गाडीखाली जाऊन कपलर काढला, तर पांढऱ्या फडक्यावर पिनांचे लालसर ठसे उमटले. तो प्लास्टिकचा तुकडा अत्यंत किरकोळ किमतीत मिळतो. गिअरबॉक्सच्या आतली कंडक्टर प्लेट, म्हणजे सेन्सर आणि विजेच्या जोडण्या असलेली पट्टी, खराब होऊनही गाडी अशीच अडकते, हे मला माहीत आहे आणि मूळ लेखात ते लिहिलेलेही आहे. आपण तो परिच्छेद वाचला असता तर कदाचित ‘सेन्सर बदलायचा’ इतक्या सहज लिहिले नसते.

बॅटरीचे तर विचारूच नका. डब्ल्यू २११ च्या २००६ पूर्वीच्या गाड्यांत दोन बॅटऱ्या आहेत, मुख्य डिकीत आणि छोटी बॉनेटखाली. यांपैकी एखादी थकली आणि व्होल्टेज खाली आले, की ज्या संगणकांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही तेही एकाच वेळी रडू लागतात आणि स्कॅनरवर कोडची लांबलचक यादी येते. आपल्या ‘पाच मिनिटांच्या’ पद्धतीने त्यांतले किती भाग बदलायचे? अशा वेळी मी आधी साधा मल्टिमीटर लावतो. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने आत ढकलतो, म्हणजे दार बंद आहे असे गाडीला वाटते. मग सगळे संगणक झोपी जाईपर्यंत थांबतो आणि त्यानंतर बॅटरीतून किती प्रवाह जातो ते पाहतो. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. येत नसेल तर एकही फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजत जातो, कारण फ्यूज काढून परत लावला की झोपलेला संगणक जागा होतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पाण्यावरून आठवले : सनरूफच्या पन्हाळ्या पाल्याने तुंबल्या किंवा मागच्या दिव्यांची सीले गेली, की पावसाळ्यात डिकीत पाणी साचते, आणि मागचे सॅम, म्हणजे मागच्या दिव्यांचा आणि फ्यूजचा कारभार पाहणारे युनिट, डिकीतच असते. मूळ लेखात गालिचा उचलून हात फिरवा असे मी लिहिले होते, ते काही पानभर मजकूर भरण्यासाठी नव्हे.

एसबीसीबद्दल आपले एक म्हणणे मी मोकळेपणाने मान्य करतो. २००६ च्या फेसलिफ्टपासून, म्हणजे सुधारित आवृत्तीपासून, हा ब्रेक डब्ल्यू २११ मधून काढून टाकण्यात आला, हे मी त्या भागाच्या शेवटी लिहिले होते. ते सुरुवातीलाच यायला हवे होते. परंतु ‘भीती घातली’ हा आरोप मान्य नाही. या ब्रेकमध्ये पेडलचा दाब विजेच्या संकेतात बदलतो आणि पंपाने साठवलेला दाब चाकांना मिळतो; ती यंत्रणा बंद पडली तर पायाच्या ताकदीवर फक्त पुढची चाके थांबतात आणि पेडल बरेच खोल जाते. २००४ मध्ये कंपनीने स्वतः याच ब्रेकसाठी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या, ती काय माझी कल्पना होती? शिवाय ब्रेक पॅड बदलताना ही यंत्रणा आधी निष्क्रिय केली नाही, तर नुसते दार उघडल्यानेही पंप दाब तयार करतो आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागात, बोटे सापडू शकतात. घरी पॅड बदलणाऱ्या हौशी माणसाला हे सांगणे म्हणजे भीती घालणे असेल, तर ती मी पुढेही घालणार आहे.

खर्चाचे आकडे मी देत नाही आणि देणार नाही. शहर, गॅरेज आणि भाग मूळ की बाजारातला, यांवर ते इतके बदलतात की माझा आकडा उद्या कुणीतरी मिस्त्रीच्या तोंडावर फेकेल. हा विषय इथेच संपवतो.

राहता राहिली प्रतिक्रियेतली शेवटची ओळ, जी आपण स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून दिली आहे : आपल्या ई २०० चा लॅम्बडा सेन्सर वर्षभरात दोनदा बदलला ‘आणि आता दिवा अधूनमधूनच लागतो’. बॉनेट उघडा, इंजिन थंड असताना त्या दोन मॅग्नेटचे कपलर काढा आणि आत कोरडा कापूस फिरवा. तो तेलकट निघाला, तर दुसरा सेन्सर कशासाठी बदलला हे आपल्या गॅरेजला विचारा; आणि निघाला नाही, तर लॅम्बडाच्या कपलरचा फोटो पाठवा, पुढचे सांगतो.