टपाली मत सुरक्षित ठेवण्याचा हमखास उपाय

टपाली मतदान सुरक्षित कसं करावं, याची काळजी तुमच्या निवडणूक कार्यालयाला लागली असेल तर साहेब, निर्धास्त राहा. मतपत्रिका मतदाराच्या हातीच पडू दिली नाही, की ती फाटत नाही, हरवत नाही, बादही होत नाही. मी स्वतः अनुभवून आलोय.

सुरुवात नमुना १२ पासून, म्हणजे टपाली मताच्या अर्जापासून करा. पहिल्या प्रशिक्षणालाच तो निवडणूक ड्यूटीवरच्या आम्हा सगळ्या शिक्षकांकडून भरून घ्या. भाग क्रमांक, अनुक्रमांक, नेमणूक आदेशाची प्रत, सगळं. पोच मात्र देऊ नका. पोच दिली की माणूस ती पुढे करतो आणि मग तुम्हाला शोधत बसावं लागतं.

घरूनच टपाली मत देणाऱ्या, पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजोबांकडे मतदानाचं पथक न कळवता, भर दुपारी पाठवा.

टपाली मताच्या घोषणापत्रावर साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारी नेमा आणि चहाला पाठवा.

आता सुविधा केंद्र. २०२३ मध्ये नियम बदलला: ड्यूटीवरच्यांनी केंद्रातच मत द्यायचं, पत्रिका घरी न्यायची नाही. बदल चांगलाच आहे. घरी नेलेल्या पत्रिकांचं काय व्हायचं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण दार एकच उरलं की अडवायलाही एकच माणूस पुरतो. आमच्याकडचा बोट ओलं करून रजिस्टर उलटत होता. "सर, तुमचं नाव नाही." अहो, नमुना भरलाय. "भरला असेल, पण तुमच्या मतदारसंघाच्या पत्रिकाच आल्या नाहीत. उद्या या." उद्या गेलो, दोन तास रांगेत. पत्रिका आल्या होत्या, यादी नव्हती! तिसऱ्यांदा साहित्यवाटपाच्या दिवशी, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. "केंद्र बंद झालं. तुम्ही ईडीसी का नाही घेतलं?" ईडीसी, म्हणजे ड्यूटीच्या केंद्रावरच मत देऊ देणारं प्रमाणपत्र, आपलं मत असलेल्या मतदारसंघात ड्यूटी असली तरच मिळतं, हे ह्यांनीच प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलं होतं!

ज्यांना पत्रिका मिळाली त्यांना पाकिटांचं नीट सांगू नका. १३-अ नमुन्यातलं मतदाराचं घोषणापत्र मोठ्या पाकिटात हवं, ते मतपत्रिकेबरोबर लहान पाकिटात गेलं की काम झालं. मोजणीला घोषणापत्र बाहेर दिसलं नाही की लहान पाकीट उघडतच नाहीत, मत थेट बाद. क्षुल्लक वाटतं? गुजरातेत ढोलका विधानसभा मतदारसंघात २०१७ मध्ये निकाल ३२७ मतांनी लागला, आणि बाद टपाली मतं होती ४२९. उच्च न्यायालयानं २०२० मध्ये ती निवडणूकच रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, ते सोडा.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, घेतला. संध्याकाळपर्यंत आमच्या टेबलावर शेकडो बोटांना शाई लागली. माझं मत मात्र राहिलं ते राहिलंच.

पुरे झाला उपरोध. अहो, पोच द्यायला काय लागतं? एक शिक्का. मतदारसंघनिहाय यादी आदल्या दिवशी दारावर चिकटवायला? डिंक. दोन टेबलं जास्त मांडा, वाटपाच्या दिवशी शेवटचं पथक निघेपर्यंत केंद्र उघडं ठेवा. ते जमत नाही, आणि शंभर टक्के मतदानासाठी आम्हीच पोरांना उन्हात घेऊन फेऱ्या काढायच्या? लाज वाटू द्या जरा. प्रशिक्षणाला दहा मिनिटं उशीर झाला तर कारणे दाखवा नोटीस बरोबर माझ्या नावानं, माझ्या शाळेत, दुसऱ्याच दिवशी येते. तिची यादी कशी हो सापडते तुम्हाला?