माझी शुगर, भावाचा मळा आणि कुलूप लावलेली शेड

मागच्या महिन्यात रिपोर्ट आला, उपाशीपोटी शुगर 168. मोठा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी थोरला, दिंडोरीकडे द्राक्षबागेत राबतो, त्याची 92. आईबाप एकच, लहानपणी भाकरी एकाच ताटात खाल्ली, फरक एवढाच की मी बावीस वर्षं नाशिकला सातपूरच्या कारखान्यांत आहे अन् तो गावीच राहिला. बायको म्हणते वडापाव नडला तुम्हाला.

गंमत म्हणजे नेमकं हेच संशोधकांनी मोजून ठेवलंय. 2005 ते 2007 मधे लखनौ, नागपूर, हैदराबाद, बंगळूर इथल्या कारखान्यांतले खेड्यातून आलेले कामगार घेतले आणि गावी राहिलेली त्यांची सख्खी भावंडं पण बोलावून तपासली. पुरुषांमधे डायबिटीस गावाकडे 6 टक्के अन् शहरात आलेल्यांमधे 14. घराणं तेच ठेवून फक्त जागा बदलली की शरीराचं काय होतं ते बघायची ही पद्धत मला जाम आवडली.

पण मग भावाच्या मळ्यावर येणाऱ्या मजुरांच्या टोळीचं काय? गोड्या छाटणीला, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराला, सुरगाणा या आमच्याच जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यातून माणसं येतात, घड औषधात बुडवणं (डिपिंग), मणी विरळ करणं (थिनिंग), तोडणी करत शिमग्यापर्यंत शेडमधे राहतात, पावसाळ्यात परत आपल्या नागली-भाताला. ती ना गावात राहिलेली ना शहरात गेलेली, मग यांना कुठल्या रकान्यात टाकणार? 2011 च्या जनगणनेत देशात 45 कोटी स्थलांतरित निघाले, त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकाच कितीतरी, पण हंगामापुरता आलेला माणूस त्या आकड्यात धड सापडतच नाही.

जानेवारीत एका संस्थेची पोरं मजुरांच्या तब्येतीची पाहणी करायला टॅब घेऊन मळ्यावर आली, मी नेमका तिथंच होतो. पोरं चांगली होती हो, पण प्रश्न सगळे पुस्तकी मराठीत अन् समोरच्या टोळीतल्या मावशी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या, मधे त्यांचा आठवीतला नातू दुभाषी. "गेल्या महिन्यात आजारी होता का?" मावशी म्हणाल्या नाही. टॅबवर नाही. आणि बोलताना खोकतायत! मी नातवाला म्हटलं परत विचार रे, तर मावशींचं म्हणणं, आजारी म्हणजे मजुरी बुडाली तर, मी तर रोज बागेत जाते. आता ह्या 'नाही'ची बेरीज करून कोणी म्हणेल हंगामी मजूर ठणठणीत आहेत, आणि ते टक्केवारीत छापून पण येईल.

माझं म्हणणं एवढंच की अशा पाहणीच्या कामाला आधी महिनाभर टोळीबरोबर राहा, मुकादमाला नाही तर बायांना विचारा, त्यांच्याच पाड्यावरची शिकलेली पोरगी सोबत घ्या, आणि पत्त्याऐवजी माणसाचा माग ठेवा, मळ्यावर तपासलं तर पावसाळ्यात सुरगाण्याला जाऊन पण तपासा. खर्च वाढेल, वाढू द्या ना.

परवा भावाचा फोन होता. ती पोरं दुसऱ्या फेरीला आली, पण होळी झाली, टोळी गेलेली, शेडला कुलूप. टॅबवर 'घर बंद' टाकलं अन् चहा पिऊन गेली.