नको गुणिले नको

जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी, लश्कर भागातलं आमचं जुनं घर, दोन दुलयांत गुरफटलेली सातवीतली कन्या आणि तिच्या मांडीवर गणिताचं पुस्तक. अशा वेळी शहाणा बाप तिळाची गजक आणायच्या निमित्तानं बाहेर सटकतो. मी विचारलं, "काय अडलंय?"

"मायनस तीन गुणिले मायनस वीस, प्लस साठ. का?"

"नियमच आहे. मायनस मायनस प्लस."

"ते सरांनीही सांगितलं. पण का?"

या नियमावर मी परीक्षा पास झालो, नोकरी केली, घरकर्ज फेडत आणलं. 'का' कधी आडवा आला नव्हता.

"शत्रूचा शत्रू मित्र, तसं."

"रोहन माझा शत्रू. त्याचा शत्रू निखिल. माझं पेन निखिलनंच ढापलंय."

मी विषय गावाच्या अभिमानाकडे वळवला. आपल्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे, तिथल्या 876 सालच्या शिलालेखात 270 हात लांब बागेचा उल्लेख आहे आणि त्या 270 मधलं शून्य अगदी आजच्यासारखं गोल आहे, वगैरे.

"त्यात मायनस आहे?"

"नाही. पण त्याच्याही आधी, 628 साली, ब्रह्मगुप्त नावाच्या गणितज्ञानं नियम लिहून ठेवला. धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज. ऋणाला ऋणानं गुणलं की धन."

"म्हणजे तुमचं कर्ज गुणिले काकाचं कर्ज, आपण श्रीमंत?"

"आधी नाही सांगायचं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

आता अब्रूचा प्रश्न होता. मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची उधारीची वही मदतीला घेतली. वीस रुपयांची उधारी तीनदा लिहिली गेली, तर तीन गुणिले मायनस वीस, म्हणजे मायनस साठ. आता त्यानं त्या तीन नोंदी खोडल्या. नोंदी काढल्या, म्हणून मायनस तीन. प्रत्येक नोंद मायनस वीसची. आपण साठनं वर आलो की नाही?

"तो फुकट कशाला खोडेल?"

प्रश्न रास्त होता. किराणावाल्याला मी वीस वर्षं ओळखतो.

शेवटी तिनंच वहीत एकाखाली एक लिहायला घेतलं. तीन गुणिले मायनस वीस, मायनस साठ. दोन गुणिले, मायनस चाळीस. एक गुणिले, मायनस वीस. शून्य गुणिले, शून्य. पेन्सिल थांबली. "दर ओळीला वीस वाढतायत," ती म्हणाली, "मग मायनस एकला प्लस वीसच यायला हवं. शून्याशी येऊन अचानक उलटं कसं फिरेल?" पुढे चाळीस, मग साठ. मी 'तेच तर सांगत होतो' असा चेहरा केला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदाच कळत होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाचणी. त्यात वजा तीन वजा वीस असं साधं गणित होतं. उत्तर मायनस तेवीस. कन्येनं प्लस तेवीस लिहिलं.

"अगं, हा गुणाकार कुठे होता?"

"मायनस मायनस प्लस, तुम्हीच म्हणालात." म्हणाले होते सरही, पण घरात सर नव्हते.

संक्रांतीला मावशी जेवायला आल्या. आई गुळपोळी घेऊन पुढे सरसावली. मावशी ताटावर हात आडवा धरून म्हणाल्या, "नको, नको."

"दोन नको," कन्या पुटपुटली. "आजी, वाढ."

पोळी पडली. मावशी कळवळल्या, "नको गं, नको, नको!"

"तीन. आता खरंच नको. मायनस आलं."

आईनं आणखी दोन पोळ्या वाढल्या.

कन्येनं माझ्याकडे पाहिलं. मी तूप आणायला आत गेलो.